कॅन्सर शिबिराचा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी

कोल्हापुरातल्या तालीम मंडळांचे, गणेशोत्सव मंडळांचे आणि महिला बचत गटांचे सर्व पदाधिकारी व कार्यकर्ते यांस,

स.न.वि.वि.

गणपतीच्या बैठका सुरू झाल्यात. वर्गणीची पुस्तकं छापून आली, मूर्तीचा ॲडव्हान्स गेला, आणि आता 'सामाजिक उपक्रम' म्हणून काय करायचं यावर रात्री अकरा-अकरापर्यंत चर्चा चाललीय. रक्तदान तर असतंच. परवा आपल्याच भागातल्या एका मंडळाच्या ग्रुपवर यंदाच्या फ्लेक्सचं डिझाइन फिरताना बघितलं: 'थर्मल कॅमेऱ्याद्वारे स्तनाच्या कॅन्सरची तपासणी. वेदना नाही, रेडिएशन नाही, स्पर्श नाही. दहा मिनिटांत रिपोर्ट.' खाली अध्यक्षांचा फोटो, त्याखाली नेत्यांचे फोटो. तो बघितला आणि हे पत्र लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, तेवीस वर्षं झाली. पण हा उष्णतेचा फोटो काढणारा कॅमेरा माझ्या रोजच्या हातातला आहे. तो घेऊन मी इलेक्ट्रिक पॅनेलं, मोटारींची बेअरिंगं आणि भट्टीचं अंग बघत फिरतो. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या बैठकीत अशाच शिबिराचा विषय निघाला आणि कुणीतरी विचारलं, "हे खरं असतंय का रे?" तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी ऐटीत सांगितलं, "कॅमेरा लय भारी असतोय. अर्ध्या डिग्रीच्या दहाव्या हिश्शाचा फरक पकडतोय." ठराव पास. हॉल आमचा, मांडव आमचा, रिक्षावरचा भोंगा आमचा. तेव्हा हे पत्र लिहिणारा माणूस त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांतलाच आहे, हे आधी सांगून टाकतो.

त्या शिबिराला माझ्या थोरल्या वहिनी गेल्या होत्या. वय बावन्न. डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागत होती, पण त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात जायचं म्हटलं की कुणीतरी हात लावणार, दाबून बघणार, या धास्तीनं त्या टाळत होत्या. शिबिराला तयार झाल्या त्या फ्लेक्सवरच्या 'स्पर्श नाही' या दोन शब्दांवर. वर मी होतोच. "जावा की वहिनी तुम्ही पण, आमच्या कंपनीत हाच कॅमेरा आहे," हे माझंच वाक्य. परत आल्या त्या रंगीत रिपोर्ट घेऊन. फोटो जवळजवळ सगळा हिरवा-निळा, खाली शेरा 'कमी जोखीम'. तो कागद त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि गाठीचा विषय मनातनं काढून टाकला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमग्याला पुरणपोळ्या लाटताना काखेत दुखायला लागलं तेव्हा कुठं माझ्या बायकोला म्हणाल्या, "बघ गं जरा." गाठ तोवर लिंबाएवढी झाली होती.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सोनोग्राफी, मग सुई घालून तुकडा काढला. कॅन्सर. उपचार चालू आहेत. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. एवढंही लिहायला वहिनींनी परवानगी दिली ती नाव न घालण्याच्या अटीवर.

तो रिपोर्ट मी नंतर मागून घेतला. माझ्या हातात तो कागद यायला सहा महिने उशीर झाला, ही बोच आहेच. कारण त्यातली गोची मला पाच मिनिटांत दिसली. थर्मल फोटोच्या कडेला एक उभी रंगपट्टी असते. तिच्या खालच्या टोकाला एक आकडा, वरच्या टोकाला एक. वहिनींच्या फोटोला खाली ३०, वर ३६. त्याच शिबिरातल्या शेजारच्या एका ताईंच्या फोटोला खाली २९, वर ३३.५. याचा अर्थ काय, तर ३३ डिग्रीची कातडी वहिनींच्या फोटोत बरोबर मधोमध पडून हिरवी दिसणार आणि तीच ३३ डिग्री त्या ताईंच्या फोटोत जवळजवळ टोकाला जाऊन लालभडक दिसणार. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवला की प्रत्येक फोटोला तो आपापली पट्टी ताणून घेतो. त्या ताईंना 'जास्त जोखीम' आली होती. त्यांच्या घरी महिनाभर चूल धड पेटली नाही. पुढं सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही.

रंग शरीरातून येत नाहीत, सॉफ्टवेअर भरतं, हे आपल्याकडं कुणाला सांगितलं जात नाही. कॅमेऱ्याला फक्त आकडे मिळतात. त्या आकड्यांना निळा द्यायचा की जांभळा, हे बटण दाबून ठरतं. आपल्याकडं तांबडा म्हणजे जहाल आणि पांढरा म्हणजे सौम्य, पण तो हिशोब रश्श्यापुरता. या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या रंगांत सगळ्यात गरम जागा पांढरी दिसते, तांबडीचा नंबर तिच्या खाली.

घरी एक प्रयोग करून बघितला. चहाचा स्टीलचा पेला मिनिटभर उजव्या हातात धरला, खाली ठेवला आणि दोन्ही तळव्यांचा फोटो काढला. उजवा तळवा पेटल्यासारखा. पोरगा म्हणाला, "पप्पा, ह्या हाताला काय झालंय?" मग त्याच फोटोची पट्टी २० ते ४० केली. दोन्ही तळवे एका रंगाचे. हाताला काहीच झालं नव्हतं, आणि कॅमेराही एका शब्दानं खोटं बोलला नव्हता.

आता त्या हॉलची गोष्ट, कारण ती माझ्या अंगावर आहे. भाद्रपदातली उकाड्याची दुपार, बाहेर बायकांची रांग. आतल्या कोपऱ्यात पडदा लावलेला. आत कोंदटतंय अशी तक्रार आली म्हणून पेडस्टल फॅन मीच उचलून आणला आणि पडद्याच्या फटीतून वारा आत जाईल असा डाव्या बाजूला लावला. कारखान्यात पॅनेलवर ब्लोअर चालू असेल तर मी रीडिंग घेत नाही. घेतलं तर सुपरवायझर हसेल. तिथं मात्र पुण्याचं काम समजून फॅन लावून आलो. वैद्यकीय थर्मल फोटो काढायचा तर माणसाला साधारण २० ते २४ डिग्रीच्या खोलीत, वाऱ्याचा झोत नाही अशा जागी, अंगावरचा कपडा काढून दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसवावं लागतं. त्याआधी चहा नको, तंबाखू-मिसरी नको, धावपळ नको, अंगाला तेल-क्रीम नको. आमच्याकडं बायका आरतीच्या गर्दीतनं, उन्हातनं, कडेवर पोर घेऊन येत होत्या आणि दोन मिनिटांत पडद्यामागं जाऊन बाहेर पडत होत्या.

कॅमेरा बघतो काय, ते सोपं आहे. प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानाप्रमाणं न दिसणारे किरण बाहेर पडत असतात, त्यांना अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. कातडी ते उत्तम सोडते, आदर्श वस्तूच्या ९८ टक्के. रंग गोरा असो की सावळा. चकचकीत तांब्याचा बसबार, म्हणजे पॅनेलमधली वीज वाहणारी पट्टी, त्या मानानं बदमाश. त्यात समोर उभ्या माणसाचीच उष्णता आरशासारखी दिसते, म्हणून त्याला आम्ही काळी टेप चिकटवून मग रीडिंग घेतो. कातडीला टेप लागत नाही, एवढी ती या कामाला सोयीची. पण हे किरण निघतात ते कातडीच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून. आत दोन बोटांवर काय चाललंय हे कॅमेऱ्याला दिसत नाही. आतली उष्णता झिरपत वर आली तरच त्याला कळणार, आणि मध्ये चरबी असते. चरबी म्हणजे आमच्या भाषेत ग्लासवूल, उष्णता अडवणारी.

फाउंड्रीवाल्यांना एक विचारतो, उद्यमनगरातल्या असो की शिरोलीतल्या. ओतलेल्या कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का, हे बघायला कधी कुणी थर्मल कॅमेरा घेतलाय? घेत नाही. बाहेरनं कास्टिंग गुळगुळीत, देखणं, आणि आत पोकळ, हे आपल्याला बापजाद्यांपासून माहीत. त्यासाठी अल्ट्रासॉनिक लावतो, एक्स-रे काढतो, आणि शंका फारच असली तर नमुन्याचा पीस सरळ कापून बघतो. बाईच्या छातीतल्या गाठीला डॉक्टर जे सांगतात ते हेच आहे: सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईनं काढलेला तुकडा. त्याच्याआधी जाणत्या हातानं केलेली तपासणी. पाचशे रुपयांच्या कास्टिंगला आपण जो नियम लावतो, तो घरच्या बाईला लावताना का विसरलो, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

ही कल्पना मात्र खुळ्याची नव्हे. १९५६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये रे लॉसन या सर्जननं दाखवलं की कॅन्सरच्या गाठीवरची कातडी बऱ्याचदा जास्त गरम असते. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, तिथं रक्त वाढतं, उष्णता वाढते. तर्क सरळ आहे. म्हणूनच अमेरिकेत १९७३ साली सुरू झालेल्या मोठ्या प्रकल्पात, सुमारे २ लाख ८० हजार बायकांच्या तपासणीत, हातानं तपासणी आणि मॅमोग्राफीबरोबर थर्मोग्राफीही, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याची तपासणीही, ठेवली होती. ती इतकी कमी पडली की प्रकल्प चालू असतानाच वगळली. सावकाश वाढणारी गाठ फारशी तापत नाही. खोलवरची वरपर्यंत कळत नाही. उलट दूध पाजणाऱ्या बाईचं, गळू झालेल्या बाईचं, पाळीच्या आधीच्या दिवसांत कुणाचंही अंग कॅन्सर नसताना गरम लागू शकतं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, थर्मोग्राफीला परवानगी दिली ती मुख्य तपासणीच्या जोडीला वापरायची म्हणून. मॅमोग्राफीच्या जागी ती चालणार नाही, हे त्यांना २०१९ साली पुन्हा जाहीरपणे बजावावं लागलं. कॉम्प्युटरची जोड देऊन या फोटोंमधून जास्त काही काढता येईल का, यावर आपल्या देशातही मन लावून काम चाललंय. होईल, चांगलं होईल. पण त्या कामाचं नाव सांगून कुणी आपल्या मांडवात टेबल टाकत असेल तर ती वेगळी गोष्ट.

मग ही शिबिरं एवढी का वाढली? मला कळलेलं कारण औषधाशी संबंधित नाहीच. मॅमोग्राफीचं मशीन एक्स-रेचं, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. सोनोग्राफीचं मशीन गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात बांधलेलं, ते उचलून कुठल्याही मांडवात नेता येत नाही. त्यावर 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवणारा जिल्हा तर आपलाच. थर्मल कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. कुणी अडवत नाही. त्यात स्पर्श नाही, म्हणून आपल्या बायका लाजत नाहीत. मंडळालाही फोटो छान मिळतात. सगळ्यांची सोय होते, आणि गाठ तिथंच राहते.

कातडीचा आकडा म्हणजे आजार नव्हे, करोनातलं आठवा. २०२० मध्ये मिरजकर तिकटीपासून राजारामपुरीपर्यंत प्रत्येक दुकानाच्या दारात कपाळाला ताप मोजायची बंदूक लागत होती. ताप नसलेला करोनावाला हसत आत जायचा, गोळी खाऊन आलेलाही जायचा. पोर बंदूक धरायचं, आकडा बघायचंही नाही, "जावा" म्हणायचं.

शिबिर घेऊच नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण ज्याचा उपयोग सिद्ध झालाय ते घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वीस वर्षं चालवलेला अभ्यास २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायका, वय ३५ ते ६४. यंत्र काहीच नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केलेली तपासणी, एवढंच. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आमच्या वहिनी बावन्नच्या. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरना, भागातल्या आशाताईंना सन्मानानं बोलवा, हॉल द्या, दारं-खिडक्या बंद होतात अशी खोली द्या. आणि ज्यांना गाठ लागेल त्यांना सीपीआर रुग्णालयापर्यंत न्यायला दोन कार्यकर्ते आणि एक रिक्षा ठेवा. ढोल-ताशाच्या एका सुपारीत हे सगळं बसतं.

आणि कॅमेरा वापरायचाच असेल, हात शिवशिवत असतील, तर पायांकडं वळवा. मी गंभीरपणे सांगतोय. ज्यांना वर्षानुवर्षं मधुमेह आहे त्यांच्या पायाची जाणीव जाते. खिळा रुतला तरी कळत नाही. चपलेचा अंगठा घासून जखम होते, चिघळते, आणि मग पाय काढायची वेळ येते. पण जखम फुटायच्या आधी ती जागा आतून सुजते आणि तापते, अगदी कातडीखाली, त्यामुळं तिची उष्णता वर या यंत्राला कळते. पायाचं एक सुख असं की जोडीला दुसरा पाय असतो. आम्ही पॅनेलमध्ये विजेच्या तीन फेजपैकी एकट्या 'आर' फेजचा आकडा कधीच बघत नाही, 'वाय' आणि 'बी'शी ताडून बघतो. फरक दिसला की नट सुटलाय. तसंच इथं. एका पावलाची जागा दुसऱ्या पावलाच्या त्याच जागेपेक्षा २.२ डिग्रीनं जास्त गरम लागली, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असलं, की चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना पाय दाखवायचा. रोज घरी असं मोजणाऱ्यांच्या पायाला कमी जखमा झाल्या, हे परदेशातल्या चाचण्यांत दिसलंय. त्याला लाखांचा कॅमेराही लागत नाही, साधी इन्फ्रारेड बंदूक पुरते. करोनातल्या बंदुका मंडळाच्या कपाटात अजून पडून असतील. पण त्या कपाळासाठी केलेल्या असतात, बऱ्याच जणी थंड पायाचा आकडाच दाखवत नाहीत, तेव्हा आधी तपासून घ्या. मात्र हे एका दिवसाचं काम नाही, आणि पाय फारच गार लागला तर तेही चांगलं लक्षण नाही, रक्त पोचत नसेल. शिबिरात डॉक्टर हवेतच. ते नायलॉनचा दोरा टोचून जाणीव बघतील, आपण मोजायचं कसं ते शिकवायचं. चैत्रात अनवाणी जोतिबाला चालत जाणाऱ्यांतले कितीतरी जण शुगरवाले असतात. करकरीत कोल्हापुरी चप्पल आपली शान आहे, पण ज्याच्या पायाला जाणीव नाही त्यानं मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरावी, हे कोल्हापुरानंच सांगितलेलं बरं.

हे सगळं वाचूनही कुणाला थर्मल शिबिर घ्यायचंच असेल तर येणाऱ्या पार्टीला समोर बसवून विचारा. हे उपकरण वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदलेलं आहे का, आणि कशासाठी? रिपोर्टवर सही कुणाची, त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर काय? हिरवा रिपोर्ट आलेल्या बाईला गाठ असेल तर तिला काय सांगणार? आणि उघड्या अंगाचे हे सगळे फोटो, नावागावासकट, कुणाच्या लॅपटॉपमध्ये जाणार? आम्ही यातलं एकही विचारलं नव्हतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर आम्हाला आजही माहीत नाही, आणि भागातल्या नव्वद बायकांचे ते फोटो आहेत. आणि फ्लेक्सवर 'कॅन्सरची तपासणी' हे शब्द छापू नका. गाठ लागत असेल तर कुठल्याही फोटोचा रंग न बघता दवाखान्यात जा, हे वाक्य त्याच अक्षरांत छापा, अध्यक्षांच्या फोटोएवढं मोठं.

सोमवारी रात्री आपल्या भागातल्या मंडळांची एकत्र बैठक आहे असं कळलं. मी साहेबांना विचारून कंपनीचा कॅमेरा एका रात्रीपुरता घेऊन येतो. प्रत्येक अध्यक्षाचा फोटो काढू. आधी सगळ्यांना लाल करून दाखवतो, मग सगळ्यांना हिरवं. चहा तेवढा तुमच्याकडनं लागेल, स्टीलच्या पेल्यातला, गरम.

आपला,
मंगळवार पेठेतला एक जुना कार्यकर्ता